पाटी बदलल्यानंतरची नोकरी

१ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक हे नाव संपले. ती बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण होऊन राज्यात एकच ग्रामीण बँक उरली. तिचे नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर आणि प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणाखाली देशातल्या ग्रामीण बँकांची संख्या त्याच दिवशी ४३ वरून २८ वर आली. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या इंझोरीच्या शेतकऱ्यापुरते बघायचे तर पासबुकावरचे नाव बदलले, पण पीककर्जाचे नूतनीकरण खरिपाआधी करायचे ते करायचेच. काउंटरच्या पलीकडे बसलेल्या माणसाचे मात्र तसे नाही. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. त्याआधीच्या अकोला जिल्ह्यात जो अकोला ग्रामीण बँकेत लागला, तो पुढे विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँकेचा झाला, २०१३ पासून विदर्भ कोकणचा आणि आता महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा. प्रायोजक म्हणून आधी सेंट्रल बँक, मग बँक ऑफ इंडिया, आता बँक ऑफ महाराष्ट्र. या माणसाने एकदाही नोकरी सोडलेली नाही, तरी त्याच्या डोक्यावरची पाटी चार वेळा वेगळी होती.

याच जिल्ह्यातून पुण्या-मुंबईकडे गेलेल्या, संगणकाचे शिक्षण घेतलेल्या मुलामुलींची कथा वेगळ्या वेगाने, पण त्याच वळणाने गेली आहे. नवी मुंबईत किंवा पुण्यात पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये लागलेला अभियंता २०११ मध्ये आयगेटचा झाला आणि २०१५ मध्ये कॅपजेमिनीचा. सिंटेलमधला २०१८ मध्ये अ‍ॅटोसचा झाला. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेतला कारकून २००६ मध्ये आयडीबीआय बँकेचा झाला आणि २०१९ मध्ये त्या बँकेची ५१ टक्के मालकी आयुर्विमा महामंडळाकडे गेल्यावर पुन्हा एकदा वेगळ्या मालकाचा. ग्रामीण बँकांचे एकत्रीकरण ही खरेदी नव्हे, ती सरकारी मालकीच्या आतली फेररचना आहे, असे कोणी म्हणेल. भांडवलाच्या हिशेबात ते बरोबर आहे. या बँकांत केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा १५ आणि प्रायोजक बँकेचा ३५. पण नोकरदाराच्या बाजूने प्रश्न तोच राहतो. ज्या संस्थेने मला निवडले, पारखले, ओळखले, ती राहिली नाही; आता माझी पंचवीस-तीस वर्षे कोणाच्या हिशेबात धरली जाणार? या सगळ्या उदाहरणांतून मला एकच गोष्ट ठळक दिसते. मालकी बदलते तेव्हा कागदावरची सेवा नव्या मालकाकडे जाते, माणसाची पत जात नाही. कागदावरच्या सेवेला कायदा आणि संघटना सांभाळतात. पत मात्र ज्याची त्याला वेगळी न्यावी लागते आणि टिकाऊ कारकीर्द त्यांचीच होते ज्यांची पत जुन्या साहेबाच्या आठवणीत नसून कामात आणि ग्राहकात रुजलेली असते.

आधी कायद्याची बाजू, कारण ती महाराष्ट्राच्याच एका रेल्वेतून घडली आहे. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज या पट्ट्यात अडीच फुटी रुळांवर धावणारी बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी सरकारने १ जानेवारी १९५४ पासून ताब्यात घेतली. त्याआधी कंपनीने कामगारांना नोटीस दिली होती, की ३१ डिसेंबर १९५३ ला तुमची सेवा संपेल. ज्यांना सरकार घेईल त्यांना ते आपल्या अटींवर घेईल. बहुतेकांना घेतले गेले, काहींच्या वाट्याला मात्र खालची वेतनश्रेणी आली. कामगारांचे म्हणणे साधे होते. जुन्या कंपनीने आम्हाला काढले आहे, तेव्हा छाटणीची भरपाई तिने द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी हरिप्रसाद शिवशंकर शुक्ल खटल्यात ही मागणी फेटाळली. चालू धंद्यातली जादा माणसे कमी करणे म्हणजे छाटणी, धंदाच दुसऱ्याच्या हाती गेला तर ती छाटणी नव्हे, असा तो निकाल. यातून उघडी पडलेली फट संसदेने १९५७ मध्ये बुजवली. औद्योगिक विवाद कायद्यातले २५ एफएफ हे कलम अंतिम रूपात आले आणि ते २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू धरले गेले. ज्यांनी लढा दिला त्या बार्शीच्या कामगारांना त्याचा लाभ झाला नाही. त्यांच्या मागून आलेल्या प्रत्येकाला झाला. या कलमाने मालक बदलताना कामगाराला नोटीस आणि भरपाईचा हक्क दिला आणि तो टाळायचा असेल तर नव्या मालकावर तीन अटी घातल्या. सेवा अखंड धरायची, अटी आधीपेक्षा वाईट करायच्या नाहीत आणि पुढे कधी छाटणी केली तर भरपाई जुन्या सेवेसकट मोजायची. औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही याच आशयाची तरतूद आहे. बँकांसाठी बँकिंग नियमन कायद्याचे कलम ४५ आहे. अडचणीतली बँक दुसऱ्या बँकेत विलीन करताना कर्मचाऱ्यांची सेवा त्याच अटींवर चालू ठेवणे आणि तीन वर्षांच्या आत त्यांना नव्या बँकेतल्या समकक्ष, समान पात्रतेच्या कर्मचाऱ्यांइतके वेतन देणे हे विलीनीकरणाच्या योजनेत धरावेच लागते. युनायटेड वेस्टर्नचे विलीनीकरण याच चौकटीत झाले.

हे संरक्षण खरे आहे आणि ते कमी लेखू नये. पण ते कुठे संपते हेही नीट पाहिले पाहिजे. मालकबदलाची ही तरतूद ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यालाच लागू होते. व्यवस्थापकीय काम करणारा त्यात येत नाही आणि माहिती तंत्रज्ञानातल्या मधल्या फळीचे काय, यावर वाद चालूच असतात. शिवाय कायदा वेतन आणि सेवाकाल सांभाळतो, नेमणूक सांभाळत नाही. कोणता विभाग, कोणते काम, कोणाच्या हाताखाली, पुढच्या बढतीच्या यादीत कितवे नाव, हे सगळे नव्या मालकाच्या हाती राहते. आश्वासनांना मुदतही असते. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांना एक वर्ष न काढण्याची अट करारात होती आणि दुसऱ्या वर्षी कमी करायचे झाल्यास स्वेच्छानिवृत्ती योजना देण्याची. अट पाळण्यासाठीच असते, पण जिची मुदत एक वर्ष आहे तिच्यावर वीस वर्षांची कारकीर्द उभी राहत नाही.

नोकरीतल्या ज्या गोष्टी कागदावर येत नाहीत त्यांचे काय होते, हा अर्थशास्त्राचा जुना विषय आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ग्रंथात कौशल्याचे दोन भाग पाडले: कुठेही चालणारे आणि एकाच संस्थेत चालणारे. अमुक फाइल कोणाच्या टेबलावर अडकते, कोणत्या साहेबाला आकडा आधी सांगायचा आणि अडचण नंतर, जुन्या प्रणालीतल्या कोणत्या नोंदीवर विसंबता येत नाही, हे दुसऱ्या प्रकारचे ज्ञान. वर्षानुवर्षे याच ज्ञानामुळे माणूस कार्यालयात अपरिहार्य ठरतो आणि मालक बदलला की हेच ज्ञान आधी निकामी होते. शलायफर आणि समर्स यांनी १९८८ मध्ये याच्या पुढचा मुद्दा मांडला. जुना मालक आणि कर्मचारी यांच्यात न लिहिलेले करार असतात: आज कमी पगारात राब, उद्या तुला सांभाळू. नवा मालक त्या शब्दाने बांधलेला नसतो आणि ताब्यात घेणाऱ्याच्या नफ्याचा काही भाग हे शब्द मोडण्यातूनच येतो. जेकबसन, लालोंद आणि सलिव्हन यांनी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कामगारांच्या नोंदी तपासल्या. दीर्घ सेवेनंतर काम गेलेल्यांचे उत्पन्न बऱ्याच वर्षांनंतरही सरासरी चतुर्थांशाने कमी राहिलेले दिसले. ते कामगार नोकरकपातीचे बळी होते, विलीनीकरणात टिकलेले नव्हेत, त्यामुळे तो आकडा इकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. एकाच जागी जितकी जास्त वर्षे, तितका त्या जागेबाहेर शून्य किंमत असलेल्या ज्ञानाचा साठा मोठा. दीर्घ सेवेला आपण सुरक्षितता समजतो, आणि ती सुरक्षितता मालक बदलेपर्यंतच खरी असते.

पटणीचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण तिथे लहान मासा मोठ्याला गिळून बसला. जानेवारी २०११ मध्ये आयगेटने पटणी घेण्याचा करार जाहीर केला तेव्हा पटणीचे मनुष्यबळ आयगेटच्या जवळपास दुप्पट होते. घेणारा लहान असला म्हणजे घेतलेल्यांची पद्धत टिकेल, असा एक समज असतो. तसे होत नाही. पैसा ज्याचा, पद्धत त्याची. चार वर्षांनी कॅपजेमिनीने सुमारे ४ अब्ज डॉलरला आयगेट घेतली. पटणीची खरेदी घडवणारे आयगेटचे मुख्याधिकारी फणीश मूर्ती २०१३ मध्येच कंपनीबाहेर गेले होते, म्हणजे पहिल्या फेरीत नव्या साहेबाची मर्जी संपादन करण्यात ज्यांनी दोन वर्षे घातली, त्यांची ती कमाई दुसरी फेरी येण्याआधीच संपली. उलट विम्याचे दावे, पॉलिसीचे हिशेब, त्यांचे नियम यांत मुरलेल्या माणसाचे काम तिन्ही पाट्यांखाली तेच राहिले, कारण अमेरिकेतल्या विमा कंपनीला तिची प्रणाली चालू हवी असते, चालवणाऱ्याच्या ओळखपत्रावर कोणते नाव आहे याने तिला फरक पडत नाही. त्या माणसाची किंमत ग्राहकाच्या लेखी होती आणि ग्राहक विकत घेतलेल्या मालमत्तेचा सर्वांत मोलाचा भाग असतो. सिंटेलची गोष्ट आणखी कडू. ३.४ अब्ज डॉलर देऊन तिला घेणाऱ्या अ‍ॅटोसलाच २०२४ मध्ये कर्जाची फेररचना करावी लागली. घेणारा मोठा आहे म्हणून आपण सुरक्षित, हा आधारही फार काळ पुरत नाही.

मग सरळ बाहेर पडावे का? तरुणांत हा सल्ला लोकप्रिय आहे आणि बरेच जण तो पाळतातही. डॅनियल किम यांनी अमेरिकेतल्या उच्च तंत्रज्ञानाच्या नवउद्योगांचा अभ्यास केला. विकत घेतलेल्या कंपनीबरोबर आलेल्यांपैकी ३३ टक्के पहिल्याच वर्षी निघून गेले. त्याच काळात नेहमीच्या मार्गाने भरती झालेल्यांपैकी १२ टक्के. यातला फरक पगाराने पुरता उलगडत नाही. भरती झालेला माणूस नवी संस्था स्वतः निवडून आलेला असतो, ताब्यात आलेला नसतो. न निवडलेल्या घरात राहण्याची अढी मनात बसते आणि ती समजण्यासारखी आहे. पण अढीपोटी सोडलेली नोकरी आणि कौशल्याच्या बळावर बदललेली नोकरी यांत फरक करायला हवा. विलीनीकरणाच्या पहिल्या वर्षी बाजारात एकाच वेळी एकाच संस्थेची, एकाच अनुभवाची शेकडो माणसे उतरतात आणि समोरच्याला ते माहीत असते. पगाराच्या बोलणीत याहून वाईट वेळ क्वचित मिळते. उलट थांबणाऱ्याला त्याच वर्षात एक संधी असते, जी पुढे राहत नाही. दोन प्रणाली, दोन हिशेबपद्धती, दोन नियमावल्या जोडण्याचे काम कोणालाच धड येत नसते आणि ते करणारा दोन्हीकडचा जाणकार होतो. म्हणून राहणे की जाणे, या प्रश्नाला मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. आधी विचारायचा प्रश्न हा, की मला येते त्यातले किती या चार भिंतींबाहेर दाखवता येईल.

ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्याला हा प्रश्न लावला तर उत्तर वाटते त्याहून बरेच चांगले येते. मानोरा-कारंजा पट्ट्यात सोयाबीन, तूर, कपाशीच्या हंगामाप्रमाणे पैसा कधी उचलला जातो आणि कधी परत येतो, कोणत्या महिला बचत गटाची परतफेड चोख आहे, थकीत खात्यांतली कोणती खरोखर नापिकीची आणि कोणती टाळाटाळीची, हे ज्ञान निव्वळ स्थानिक वाटते. पण पीककर्जाची जोखीम ओळखणे हे काम कोणत्याही प्रायोजक बँकेला, नाबार्डला, पीकविमा कंपनीला लागते. २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी राबवताना शाखांतल्या लोकांनी याद्या जुळवल्या, आधार प्रमाणीकरण करून घेतले, तक्रारी निस्तरल्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर माहिती जुळवण्याचा अनुभव शहरातल्या अनेक अधिकाऱ्यांना नाही. अडचण अशी, की यातले काही कुठे लिहिलेले नसते. व्यवस्थापक बदलून गेला की ‘तो माणूस कामाचा आहे’ हे वाक्यही त्याच्याबरोबर जाते. म्हणून आपण हाताळलेल्या खात्यांची संख्या, वसुलीचे वर्षवार प्रमाण, राबवलेल्या योजना, मिळालेले शेरे, वार्षिक मूल्यमापनाच्या प्रती हे सारे पाटी बदलण्याआधी स्वतःजवळ नीट लावून ठेवणे गरजेचे असते, ग्राहकांची गोपनीय माहिती वगळून. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षांचे मोलही इथेच आहे. त्या घेणाऱ्या, १९२८ पासून चालत आलेल्या मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचे प्रमाणपत्र कोणत्याही एका बँकेचे नसते. ‘आता काय शिकायचे’ म्हणून चाळिशीनंतर या परीक्षांची पुस्तके बाजूला ठेवणारे बरेच असतात. संयुक्त ज्येष्ठता यादीत अनोळखी नावांच्या शेजारी आपले नाव येते तेव्हा समोरच्याला दिसते ते एवढेच: तारीख, हुद्दा, पात्रता.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की हे सगळे ओझे कर्मचाऱ्याच्या डोक्यावर टाकणे झाले. मालकी बदलण्याचा निर्णय त्याने घेतला नाही, फायदा त्याला मिळाला नाही, मग कागद जुळवण्याची आणि परीक्षा देण्याची शिक्षा त्याला का? या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला एकट्या माणसाच्या तयारीने उत्तर देता येत नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १८७७ पासून टाटांनी चालवलेली ही गिरणी १९८६ मध्ये त्यांच्या हातून सुटली, ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने चालवायला घेतली आणि २००२ मध्ये ती बंद पडली. तिथला विणकर कितीही कसबी असला तरी जुन्या यंत्रांवर, भांडवल न घालता त्याचे कसब त्याला वाचवू शकणारे नव्हते आणि आसपासच्या गिरण्याही बुडत होत्या. कौशल्य बाहेर नेण्यासाठी बाहेर काहीतरी असावे लागते. ग्रामीण बँकांतही आजचा पगार एकेकट्याच्या गुणवत्तेतून आलेला नाही. सुरुवातीला या बँकांतले वेतन राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने बेतलेले होते, कारण गावची बँक स्वस्तात चालावी असा हेतू होता. कर्मचारी संघटना लढल्या, न्यायमूर्ती ओबुल रेड्डी यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाने १९९० मध्ये निवाडा दिला आणि प्रायोजक बँकेइतके वेतन हे तत्त्व मान्य झाले. त्यानंतर कितीही विलीनीकरणे झाली तरी पगाराची पातळी त्या निवाड्याच्या आधाराने टिकली. पुण्यातल्या संगणक अभियंत्यांजवळ असे काही नाही आणि संघटना ही आपली गोष्ट नाही असे त्यांतले पुष्कळजण मानतात. मला हे मत चुकीचे वाटते. २५ एफएफच्या तीन अटी कोणी दानात दिल्या नव्हत्या. बार्शीचे कामगार एकत्रितपणे न्यायालयात गेले नसते तर त्या कायद्यात आल्याच नसत्या. एकट्याची तयारी आणि सामूहिक संरक्षण यांपैकी एक निवडायचे नसते. संघटना माणसाला खाली पडू देत नाही, वर चढायचे ते त्याच्या कामाने.

दुसरा आक्षेप यापेक्षा अवघड आहे, कारण तो ज्यांच्याविषयी आहे त्यांचा विचार असल्या लेखांत सहसा होत नाही. कंत्राटी सुरक्षारक्षक, शाखेतला रोजंदारी शिपाई, गावात यंत्र घेऊन बसणारा बँक मित्र, आयटी पार्कमधली सफाई करणारी बाई, यांच्या बाबतीत मालकी बदलली तरी ‘सेवा अखंड’ वगैरे काही नसते. त्यांचा मालक कंत्राटदार, आणि कंत्राट नव्याने निघते. विलीनीकरणातल्या बचतीचा पहिला घाव इथेच पडतो, कारण तो कोणत्याही आकडेवारीत नोकरकपात म्हणून दिसत नाही. इंझोरीसारख्या गावात बँकेचा रोजचा चेहरा अनेकदा बँक मित्रच असतो. अंगठा त्याच्या यंत्रावर उमटतो, विश्वासही त्याच्यावरच असतो, आणि त्याच्या कामाची नोंद मात्र एका सेवा कंपनीच्या खात्यात कमिशन म्हणून होते. या माणसाला ‘आपली पत कागदावर आण’ असे सांगून भागणार नाही. त्यासाठी बँकेनेच विलीनीकरणाच्या योजनेत त्याच्या कामाची वर्षे मान्य केली पाहिजेत आणि नव्या कंत्राटात त्यालाच प्राधान्य देण्याची अट घातली पाहिजे. हे अवघड नाही. यंत्रावरच्या व्यवहारांची नोंद बँकेजवळ असतेच.

कायम कर्मचाऱ्यांपुरते बोलायचे तर राज्यभरच्या एका बँकेत पुढचा खरा झगडा ज्येष्ठतेचा आणि बदल्यांचा असेल. अकोला ग्रामीण बँकेच्या काळात बदली म्हणजे फार तर शेजारचा तालुका. आता कार्यक्षेत्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे. समान संधीसाठी बदल्या हव्यात हे खरे, पण ज्या स्थानिक जाणकारीवर ग्रामीण बँक ही कल्पना १९७५ मध्ये उभी राहिली, ती दर तीन वर्षांनी मोडली तर बँकेचेच नुकसान आहे. वऱ्हाडातल्या पिकांचा जाणकार अधिकारी कोकणातल्या आंबा-काजूच्या कर्जावर बसवला तर तो दोन वर्षांत ते शिकेलही, तोवर मानोऱ्यातली त्याची खाती मात्र नव्या माणसाच्या अंदाजावर चालतील. म्हणून प्रायोजक बँकेने बदल्या पीकपट्ट्याच्या आत ठेवाव्यात आणि पट्ट्याबाहेरची बदली बढतीशी जोडावी. वेळही बदलावी. बँकांमध्ये बदल्यांचे आदेश साधारण एप्रिल ते जूनच्या दरम्यान निघतात आणि वाशीम जिल्ह्यात खरिपाच्या पीककर्जाची गर्दी नेमकी तेव्हाच असते. आदेश जुलैच्या अखेरीस काढले तर जाणारा अधिकारी कर्जवाटप संपवून, खाती येणाऱ्याच्या हवाली करून जाऊ शकेल.